ईटीपीच्या टाकीत माणसं उतरवायची आहेत, ठेकेदार म्हणतो ‘वास न्हाई, मग गॅस कुठला?’

शिफ्टवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मी एका डेअरी प्लांटमध्ये युटिलिटी आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघतो. सेफ्टी ऑफिसर असं वेगळं पद आमच्याकडे नाही. वर्क परमिटवर (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) सही माझी आणि प्रॉडक्शन मॅनेजरची.

पुढच्या रविवारी शटडाऊन आहे. इक्वलायझेशन टँकमधला, म्हणजे सांडपाणी आधी साठवून एकसारखं करायच्या टाकीतला, गाळ काढायचा आणि तळाचे एअर डिफ्युझर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे) बदलायचे, बरेचसे चोक झालेत. टाकी काँक्रीटची, आतून ६ बाय ४ मीटर, खोली साडेतीन मीटर. वर स्लॅब आणि स्लॅबमध्ये दोन टोकांना दोन फुटी मॅनहोल.

काल ठेकेदार जागा बघून गेला. मी गॅस डिटेक्टर, ब्लोअर, ट्रायपॉडचा (माणूस वर ओढून घ्यायची तिपाई) विषय काढला तर हसायलाच लागला. “साहेब, पंधरा वर्सं हेच करतोय. आमची पोरं नुसत्या वासावरनं सांगत्यात गॅस हाय का न्हाई. वास न्हाई, मग गॅस कुठला?” मॅनेजर साहेबांचं म्हणणं वेगळं, पण निघतं तिथंच. ही काही ड्रेनेज लाइन नाही, दुधाचं पाणी आहे. शनिवारी रात्री झाकणं उघडून ठेवू, सकाळपर्यंत गॅस उडून जाईल. शिवाय मास्क देऊच. स्टोअरमध्ये दोनेक वर्षांपूर्वी घेतलेला चार गॅसचा डिटेक्टर आहे, चालू केला की ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो, म्हणजे तोही ठीक आहे असं ते म्हणतात.

मला हे पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. “तू जरा जास्तच घाबरतोस” यावर गाडी थांबते. जाणकारांनी सांगावं.

डिस्टिलरीतला_जुना

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उभी नोकरी केली, शेवटची वर्षं सेफ्टीत. तुमच्या ठेकेदारासारखे पुष्कळ पाहिलेत. माणसं वाईट नसतात. पंधरा वर्षं काही झालं नाही, हाच त्यांचा पुरावा असतो.

आधी ते दुधाचं पाणी. गाळाला पाणी कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. दुधात प्रथिनं, प्रथिनांत गंधक. तळाशी हवा पोचली नाही की जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. आणि हवा पोचत नव्हती हे तुम्हीच लिहिलंय, डिफ्युझर चोक आहेत म्हणून तर बदलताय. म्हणजे ज्या कारणासाठी माणूस उतरणार, त्याच कारणानं आत गॅस तयार झालेला आहे. मॅनेजरना एवढं एक वाक्य सांगून बघा.

आता वास. सडक्या अंड्यासारखा हा वास एक पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी आत कळतो, म्हणून लोकांचा नाकावर फार विश्वास. पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. आतला माणूस “आता वास गेला” म्हणाला, तर गॅस कमी झाला असेल किंवा वाढला असेल, नाकावरून ते ठरत नाही. कारखान्यांच्या नियमात आठ तासांची मर्यादा १० पीपीएम आहे. ५०० ते ७०० ला काही मिनिटांत माणूस कोसळतो, १००० च्या वर एखाद-दोन श्वासांत.

इथं एक हिशोब करा, कारण ‘ऑक्सिजन बरोबर आहे ना, मग झालं’ हा गैरसमज इंजिनिअर लोकांतही असतो. १००० पीपीएम म्हणजे शेकडा ०.१. एवढा गॅस हवेत मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून २०.८८ होतो, मीटरला ते दिसतसुद्धा नाही. माणूस मरेल आणि ऑक्सिजनचं रीडिंग फर्स्ट क्लास राहील. आता उलटं बघा. ऑक्सिजन १९.५ आला, पुस्तकातली किमान मर्यादा, म्हणजे पास. पण तो १.४ टक्के गेला कुठं? दुसऱ्या कुठल्या गॅसनं हवा ढकलली असेल, तर हवेत ऑक्सिजन पाचातला एकच भाग असतो हे लक्षात घ्या. म्हणजे तो परका गॅस साडेसहा-सात टक्के भरलाय, साठ हजार पीपीएमच्या वर. मी १९.५ ला कधी परमिट दिलं नाही. २०.९ का नाही, याचं उत्तर आधी शोधायचं.

रात्रभर झाकणं उघडी ठेवायला हरकत नाही, भोवती बॅरिकेड करा म्हणजे रात्री कोणी पडणार नाही. पण त्यानं टाकी मोकळी होत नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, कार्बन डायऑक्साइड दीडपट जड. स्लॅबमधल्या दोन भोकांतून ते आपण होऊन वर का येतील? आणि समजा वरची हवा बदललीही, तरी खरा साठा गाळात कोंडलेला आहे. पहिलं फावडं मारलं, बूट रुतवून उपसला की तो सुटतो. सकाळी आठचं रीडिंग आठ वाजताच्या, न ढवळलेल्या टाकीचं असतं. म्हणून मीटर आतल्या माणसाच्या छातीवर हवा, पूर्ण वेळ चालू.

आता तुमच्या प्लांटची खास भानगड, जिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमची सीआयपी, म्हणजे मशिनरी न उघडता आतून धुणं. ॲसिड वॉशचं पाणी कुठं जातं? ईटीपीतच ना? सात पीएचला साधारण अर्धा सल्फाइड पाण्यात विरघळलेल्या गॅसच्या रूपात असतो, अर्धा क्षाराच्या. पीएच खाली आला की जवळजवळ सगळाच गॅस होतो आणि बाहेर पडतो. रविवारी टाकीत दोन माणसं आहेत, रीडिंग शून्य आहे, आणि तिकडं कोणीतरी “शटडाऊनच आहे तर लाइन धुऊन घेऊ” म्हणून नायट्रिकचं वॉश सोडलं. गटारानं ते पाच-दहा मिनिटांत गाळावर येईल. सीआयपीवाल्याला टाकीत माणसं आहेत हे माहीतच नसतं. तेव्हा ॲसिड पंपाचा ब्रेकर कुलूपबंद, चावी तुमच्या खिशात. येणाऱ्या लाइनला प्लग किंवा ब्लाइंड (पाइप बंद करायची चकती). नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, जुने व्हॉल्व्ह पासिंग असतात, बंद करूनही गळतात.

तुमचा डिटेक्टर. मोकळ्या हवेत २०.९ दाखवतो म्हणजे ऑक्सिजनचा सेन्सर जिवंत आहे, बस. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर चांगला असला तरी मोकळ्या हवेत शून्य दाखवतो आणि मेलेला असला तरी शून्यच दाखवतो. फरक कळतो तो टेस्ट गॅस दिल्यावर, त्यालाच बंप टेस्ट म्हणतात. दोन वर्षं स्टोअरमध्ये पडलेल्या मीटरवर मी माझं कुत्रंही सोडणार नाही. कॅलिब्रेशन करून घ्या किंवा भाड्यानं आणा. रीडिंग घेताना मॅनहोलमध्ये वाकायचं नाही, नळी आत सोडायची. वर, मध्ये, तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं, लांब नळीतून गॅस मीटरपर्यंत यायला वेळ लागतो.

मास्कचं थोडक्यात सांगतो. कापडी किंवा डस्ट मास्क गॅसला काहीही करत नाही. कार्ट्रिजचा मास्क गॅस गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. आतली हवा खराब असताना उतरायचंच असेल तर एअरलाइन (बाहेरून नळीनं हवा) किंवा पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा एससीबीए सेट, तिसरा पर्याय नाही.

हे सगळं एका बाजूला आणि पुढचं एका बाजूला. ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा: आतला माणूस कोसळला तर कोणीही आत न उतरता तो वर कसा येणार? “आम्ही उतरून काढू” हे उत्तर आलं तर त्याला गेटच्या आत घेऊ नका. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस, नगर जिल्ह्यातलं नेवासे तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. एक वाचला, त्याच्या कमरेला दोर होता. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेनं १९८६ सालीच बजावून ठेवलंय की अशा जागांत मरणाऱ्यांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले असतात.

तुमचा मॅनहोल दोन फुटी. कमरेला दोर बांधलेला बेशुद्ध माणूस ओढला की दुमडतो आणि भोकात अडकतो. म्हणून फुल बॉडी हार्नेस, पाठीवरच्या डी-रिंगला लाइन, वर ट्रायपॉड आणि हातानं फिरवायची विंच. एमआयडीसीचा फायर ब्रिगेड कितीही तत्पर असला तरी मेंदूला ऑक्सिजन न मिळता जी चार-पाच मिनिटं हातात असतात, त्यात तो पोचणार नाही.

भोसरीचा_फॅब्रिकेटर

काकांचं सगळं बरोबर. आमच्या धंद्यातले गैरसमज वेगळे आहेत, तेही इथं टाकतो.

नव्या कोऱ्या स्टीलच्या टाकीत वेल्डिंग असतं. गाळ नाही, वास नाही, म्हणून कोणी परमिटच मागत नाही. उन्हाळ्यात आत भट्टी होते, मग पोरं काय करतात, कटिंग सेटची ऑक्सिजनची नळी आत सोडतात. “ऑक्सिजन आहे, चांगलाच की!” ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, तेलकट हातमोजा, सगळं भडकून पेटतं. एक ठिणगी पुरते, आणि तिथं तर वेल्डिंगच चाललेलं असतं. हवेसाठी हवाच द्यायची, ब्लोअरनं.

टिग वेल्डिंग करताना आर्गन गॅस असतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचतो, ना वास ना रंग. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आणि गॅस कटर आत टाकून येतात, नळी कुठं थोडी गळत असली तर तासाभरात आत काय झालंय ते परत उतरणाऱ्याला कळायचं कारण नाही. आमच्याकडे नियम आहे, माणूस बाहेर आला की नळ्याही बाहेर.

आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं लोखंडी व्हेसल. आत काहीच नसतं, नुसता गंज. पण गंज चढताना ऑक्सिजन खर्च होतो. विषारी गॅस शून्य, एलईएल (पेट घेणाऱ्या गॅसचं रीडिंग) शून्य, आणि श्वास घ्यायला हवा नाही.

डिस्टिलरीतला_जुना

फॅब्रिकेटर साहेब, फार मोलाचं लिहिलंत. एक जोडतो. एलईएलचा सेन्सर गॅस जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो खोटा कमी आकडा दाखवतो. म्हणून मीटरवर आधी ऑक्सिजन बघायचा, मग एलईएल, मग विषारी गॅस.

आर्गन, नायट्रोजनचं आणखी एक आहे. गुदमरल्याची जी भावना होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. नायट्रोजनमध्ये माणूस कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर टाकत राहतो, त्यामुळे त्याला काहीच जाणवत नाही. “घुसमटलं तर लगेच बाहेर येईन” हे चालत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत नायट्रोजन सोडलेल्या रिॲक्टरच्या तोंडाशी ठेकेदाराचे दोघं मेले. आत उतरून करायचं काही काम नव्हतंच. आत चिकटपट्टीचा रोल राहिला होता, तो काढायला गेला एक आणि त्याच्यामागं दुसरा.

माळावरचा

आमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. विझला तर उतरायचं न्हाई. आज्ज्यापासनं हेच चालत आलंय. हे पण चूक म्हणायचं का?

डिस्टिलरीतला_जुना

दादा, आजोबांच्या विहिरीला ते बरंच बरोबर होतं. जुन्या पडीक विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन कमी होतो, तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. विझला तर उतरायचं नाही हे आजही खरं. पण न विझला तर उतरायचं, हे खरं नाही. वर हिशोब दिलाय बघा, १००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइडमध्ये ऑक्सिजन पुरेसा असतो, कंदील मजेत जळत राहील. कार्बन मोनॉक्साइडचंही तेच. आणि मिथेन ५ ते १५ टक्क्यांत असला तर कंदीलच भडका उडवेल, म्हणून गोबरगॅसच्या खड्ड्यापाशी तो नेऊच नका.

आजोबांच्या वेळी विहिरीत मोट होती, आज इंजिन आहे. पाणी खाली गेलं की पंप वरून ओढत नाही, सहा-सात मीटरच्या पुढं सक्शन धरतच नाही, मग डिझेल इंजिनच खाली टप्प्यावर उतरवतात. त्याचा धूर विहिरीतच राहतो. कार्बन मोनॉक्साइड वजनाला जवळपास हवेइतकाच, त्यामुळे खालीही बसत नाही, वरही जात नाही, सगळीकडं भरतो. इंजिन बंद केल्या केल्या व्हॉल्व्ह बघायला उतरणारा माणूस सर्वांत धोक्यात. खाली सबमर्सिबल सोडा, इंजिन वरच राहू द्या.

सोसायटी_सचिव_पुणे

विषय कारखान्याचा आहे, तरी विचारतो. आमच्या सोसायटीची सेप्टिक टँक भरलीय. एक जण दोन माणसं उतरवून स्वस्तात करून देतो म्हणतो, कागदावर “जबाबदारी आमची” लिहून द्यायलाही तयार आहे. चालेल का?

डिस्टिलरीतला_जुना

नाही. साधनांशिवाय सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवायला हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. ही बंदी महापालिकेइतकीच कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, म्हणजे तुम्हालाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेलीय. त्याच्या कागदानं तुमचा गुन्हा त्याच्या नावावर जात नाही. सक्शनची गाडी मागवा. १४४२० हा हेल्पलाइन नंबर याच कामासाठी आहे.

पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीलाही हेच लागू धरा. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. पाण्याची टाकी म्हणून तिला कोणी धोक्याची मानत नाही.

शिफ्टवाला_मिरज

सर्वांचे आभार. काकांचा पहिला प्रतिसाद मॅनेजर साहेबांना वाचून दाखवला. डिफ्युझरच्या वाक्याला ते गप्प झाले. सीआयपीचं मात्र त्यांनी स्वतःच पुढं नेलं, रविवारी दुपारी खरोखरच ॲसिड वॉश लावलेला होता! तो रद्द झालाय.

दोन अडचणी. एक, परमिट पूर्ण आठवड्याचं काढू, रोज रोज सह्या कशाला, असं ठेकेदार म्हणतो. आणि सही ऑफिसमधूनच होते. दुसरी, ब्लोअर मिळालाय तो तासाला १००० घनमीटरचा. पुरेल का?

डिस्टिलरीतला_जुना

वा, ॲसिड वॉश रद्द झाला हे रविवारचं अर्धं काम झालं.

परमिट एका शिफ्टचं. जेवायला सगळे बाहेर आले तर परत उतरण्याआधी पुन्हा रीडिंग. ऑफिसमधल्या सहीबद्दल: जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३६ काढून मॅनेजरांसमोर ठेवा. त्यात ‘आत गॅस नाही’ असा दाखला देणाऱ्या सक्षम व्यक्तीनं स्वतः केलेल्या चाचणीवरून तो द्यायचा असं लिहिलंय, स्वतः. नाहीतर आतल्या माणसाला श्वसनयंत्र, पट्टा आणि दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. पुढच्याच ३६-अ मध्ये हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको असं आहे. ठेकेदार २३० चा हॅलोजन घेऊन येईल, गेटवरच ठेवून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या, कलमांचे आकडे बदलले, टाकीतली हवा तीच राहणार आहे.

दोर धरणारा माणूस त्या दिवशी दुसरं काहीही करणार नाही. चहा आणणार नाही, पाना शोधायला जाणार नाही. बहुतेक ठिकाणी या कामाला सर्वांत नवखं पोरगं उभं करतात, तुम्ही सर्वांत जुना आणि डोक्यानं थंड माणूस उभा करा. भाऊबंद तर नकोच, आतला कोसळला की भाऊ उडी मारतोच. आतल्या सर्वांना बाहेर बोलावण्याचा अधिकार त्याला, आणि तो मॅनेजरना विचारून वापरायचा नाही.

ब्लोअर. तुमची टाकी ८४ घनमीटर. १००० चा ब्लोअर म्हणजे तासाला बारा वेळा हवा बदलेल, मी वीस धरतो, म्हणजे सतराशेच्या आसपास हवी. तसलाच आणखी एक घ्या. डक्टचं तोंड तळापासून फूटभर वर सोडा. वरच्या वर फुंकलं तर हवा एका मॅनहोलमधून जाते आणि दुसऱ्यातून निघून येते, तळ तसाच. दोन्ही डक्ट एकाच बाजूनं, दुसरा मॅनहोल बाहेर पडणाऱ्या हवेला मोकळा ठेवा.

त्याआधी एक विचारायचं राहिलं. गाळ माणसांनी कशाला काढायचा? सक्शन टँकर लावा, वरून जेटिंग (पाण्याचा जोरदार फवारा) करत ओढून घ्या, आत उतरायचं काम फक्त डिफ्युझर बसवण्यापुरतं उरेल. नवे डिफ्युझर वरून उचलून काढता येणाऱ्या फ्रेमवर मिळतात का तेही बघा, पुढच्या वेळी उतरावंच लागणार नाही.

शिफ्टवाला_मिरज

टँकरची चौकशी केली, शनिवारी मिळतोय. रविवारीही अर्धा दिवस थांबेल. ब्लोअर त्याच्या शेजारीच ठेवायचे, म्हणजे वायर एकीकडंच राहील, चालेल ना?

डिस्टिलरीतला_जुना

अजिबात नको. टँकरचं इंजिन पूर्ण वेळ चालू असतं, आणि त्याचा व्हॅक्यूम पंप टाकीतून ओढलेला गॅसच बाहेर फेकतो. शेजारी ठेवलेला ब्लोअर तो सगळा परत आत भरेल. वारा कुठून आहे ते रविवारी सकाळी बघा, ब्लोअर वाऱ्याच्या बाजूला, टँकर दुसऱ्या अंगाला लांब. वायर जास्त लागली तर लागू दे. आणि डक्टच्या तोंडाशी आत जाणाऱ्या हवेचं एक रीडिंग घेऊन मगच माणूस सोडा.